पाटस फाट्यावरची पंतप्रधान

माझ्या धाकट्या बहिणीला नॉर्वे देशाची पंतप्रधान मी केलं. पाटस फाट्यावर, वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर, ऐन दिवाळीच्या तोंडावर. त्या देशाला ही बातमी कळायला फार वेळ लागला नाही. बहिणीनं ती निस्तरली. मला अजून निस्तरता आलेली नाही, म्हणून लिहायला बसलोय.

वाचणाऱ्याला वाटेल, हा गडी थापा मारतोय. पण बहीण खरंच तिथली पुढारी आहे. थापेचा भाग फक्त माझा.

आम्ही शेवंती-झेंडू करणारी माणसं. घर वरवंड आणि पाटसच्या मधे, कालव्याच्या अंगाला. बहीण कॉलेजला शिरूरला, मामाच्या घरी राहून शिकली. सोमवारी पहाटे मी तिला मोटारसायकलवर सोडायचो. चौफुल्याला वळायचं, भीमेचा पूल ओलांडायचा, न्हावऱ्यात एक चहा, की शिरूर. शनिवारी तोच रस्ता उलटा. मागं बसून ती रसायनशास्त्राची सूत्रं मोठ्यानं पाठ करायची. वाऱ्यानं तिचा आवाज फाटायचा, पण माझ्या कानात बरोबर शिरायचा. त्यातली काही मला अजून पाठ आहेत. उपयोग शून्य. एकदा पिकाच्या औषधांच्या दुकानात दोन-चार फेकली, तर दुकानदारानं मला कृषी खात्याचा साहेब समजून चहा पाजला आणि मागच्या खोलीतला माल झाकायला माणूस पाठवला.

पदवी झाल्यावर ती कुरकुंभच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागली. पांढरा कोट घालून शिफ्टच्या बसमध्ये चढायची. आणि मग एक दिवस तिला पुढं शिकायला परदेशाची शिष्यवृत्ती मिळाली. आईनं मला विचारलं, "किती लांब हाय रं ते?"

मी म्हणालो, "लांब कुठलं? विमानात बसायचं, एक झोप काढायची, की आलं."

माझं हे वाक्य आईनं खरं धरलं. त्यानंतर दर सणाला तिचा एकच हिशेब. "एका झोपंचं तर अंतर हाय. मग येत का न्हाई ती?"

बहीण तिकडंच रमली. तिथल्याच एका माणसाशी लग्न केलं. जावई शाळेत पोरांना सुतारकाम शिकवतो. आमच्या भावकीत हे सांगताना मी 'सुतारकाम' गाळून नुसतं 'प्राध्यापक' म्हणत आलोय.

आता ती राजकारणात कशी गेली ते सांगतो, कारण ते मला आधी पटलंच नव्हतं. तिच्या तिकडच्या गावातल्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर नगरपालिकेनं बंद करायचं ठरवलं. जेवण दुसऱ्या गावाहून डब्यात येणार, गार, आणि इथं नुसतं गरम करून वाढणार. बहीण पालिकेच्या सभेला गेली आणि उठून बोलली. तिची भाषा तेव्हा अडखळत होती म्हणे. ती एवढंच म्हणाली, की म्हाताऱ्या माणसाला स्वयंपाकाचा वास आला नाही तर भूक लागत नाही. पुढच्या निवडणुकीला एका पक्षानं तिला यादीच्या पार तळाला उभं केलं, जागा भरायला. तिथं म्हणे मतदार पक्षाच्या यादीतल्या नावापुढं खूण करून आपल्या आवडत्या माणसाला वर ढकलू शकतात. म्हाताऱ्यांनी खुणा केल्या. म्हाताऱ्यांच्या लेकी-सुनांनी केल्या. तळातलं नाव वर येऊन बसलं.

हे तिनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा आई शेजारीच होती. आई म्हणाली, "बरं केलंस बाई. गरम मिळालं पायजे म्हाताऱ्या माणसाला." आणि लगेच, "तू काय खाल्लंस?"

बहिणीनं सांगितलं, "पाव आणि चीज, आई. थंड." आणि दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडं बघत होती. मी तिला म्हणालो, बंद झालाय. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

माझं स्वतःचं राजकारण याआधीच आटोपलेलं होतं. मी एकदा ग्रामपंचायतीला उभा राहिलो होतो. चिन्ह शिट्टी. मी ती शिट्टी आळीत सकाळ-संध्याकाळ एवढी वाजवली, की लोकांनी दुसऱ्याला मतं दिली ती झोप मिळावी म्हणून. मला पडलेली मतं भावकीच्या निम्मीही नव्हती. आईला विचारलं, तू तरी दिलंस का? तर म्हणते, "तू शिट्टी घिऊन हिंडत व्हतास, मला वाटलं होमगार्डात लागलास."

तेव्हा घराण्यात पुढारी म्हणून जे काही व्हायचं होतं, ते धाकटीच्या वाट्याला गेलं. आणि ती चढतच गेली. पालिकेतून जिल्ह्यावर, जिल्ह्यातून थेट संसदेत. तिचा फोटो तिकडच्या पेपरात यायचा, टीव्हीवर चर्चेत बसायची. मला एक अक्षर कळायचं नाही, पण मी ते व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचो, आणि ती हात हलवायची तेव्हा 'बघ, हे आईचं' म्हणून बायकोला दाखवायचो. आनंद होताच. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. ती एक पायरी वर गेली की आमच्याकडची एक फेरी कमी व्हायची. आधी वर्षाआड यायची. मग 'निवडणूक आहे दादा'. मग 'समिती आहे'. कोरोनानंतर तर आलीच नाही. इकडं आमची पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांशी वाढलेली ऐट, आणि तिकडं एका माणसाची घरात नसलेली जागा. दोन्ही एकदमच वाढत होतं.

गावाला मात्र ती पुढारी आहे हेच पटत नव्हतं. आमच्या पारावर एक आप्पा बसतात. सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांच्या अंगणात अजून मतदानाआधी गाड्या लागतात. त्यांनी मला विचारलं, "गाडी कंची हाय तिला?"

"आप्पा, ती ट्रामनं जाती कामाला."

"ड्रायव्हर?"

"ट्रामला असतो की."

"बंदूकवाला?"

"न्हाई."

"मागं-पुढं माणसं किती?"

"ट्राममध्ये असत्यात तेवढी."

आप्पांनी तंबाखू चोळली. "मग कसली रं पुढारी? आमच्या पंचायत समितीच्या मेंबरामागं चार गाड्या असत्यात. तुझ्या बहिणीला काय तरी क्लार्कबिर्क केलं असंल."

हे मला लागलं. शहाण्या माणसाला लागलं नसतं.

गेल्या दिवाळीआधी तिचा फोन आला. नुकतीच ती संसदेत दुसऱ्यांदा निवडून आली होती, आणि मंत्रिपदासाठी तिचं नाव घेतलं जातंय असं तिकडचे पेपर म्हणत होते. पण ती त्यातलं काही बोलली नाही. म्हणाली, "दादा, भाऊबीजेला येतीय. तिकीट काढलंय."

मी विचारलं, "खरं?"

"खरं. पण कुणाला सांगू नकोस. मला भाषण नको, सत्कार नको, हार नको. मला आपल्या ओट्यावर बसायचंय. आईच्या हातची नव्या बाजरीची भाकरी खायचीय, गरम. झालं."

मी शब्द दिला आणि तो पाळलाही. फक्त आप्पांना सांगितलं.

आप्पा म्हणाले, "मग फ्लेक्स?"

आमच्याकडं माणूस जन्मला, मेला, पोलीस भरती झाला किंवा बैल शर्यतीत पहिला आला, तरी फ्लेक्स लागतो. फ्लेक्सशिवाय आलेलं माणूस आलं असं कुणी मानत नाही. मी चौफुल्याला प्रिंटिंगवाल्याकडं गेलो. त्यानं कॉम्प्युटरवर बहिणीचा फोटो लावला, मागं ढग सोडले, डोक्यामागं किरणं काढली आणि विचारलं, "भाऊ, पद काय टाकायचं?"

"खासदार. नॉर्वे."

"आन् भावी?"

"भावी काय?"

"भाऊ, नुसतं खासदार टाकलं तर फ्लेक्स मेल्यावानी दिसतो. झालेल्याला कोण इचारतंय? होणाऱ्याला मान असतो. आपल्याकडं सदस्याला भावी सरपंच टाकत्यात, सरपंचाला भावी आमदार. खासदाराला काय टाकायचं, तुम्हीच सांगा."

त्याचं म्हणणं मला तिथं बसल्या बसल्या पटलं. पटलं नसतं असा माणूस दौंड तालुक्यात मला दाखवा. मी म्हणालो, "टाक. भावी पंतप्रधान."

मग झेंडा. त्यानं नेटवरून एक काढला. लाल, त्यावर पांढरा क्रॉस. छान दिसत होता. खाली शुभेच्छुकांत आप्पा मध्यभागी, आणि तिच्या अगदी गालाशी मी. गॉगल लावलेला, कानाला मोबाइल, जणू तिच्या पंतप्रधानकीची बोलणी मीच करतोय.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. आप्पांनी जेसीबी ठरवला. फाट्यावर ती उतरली की जेसीबीच्या बकेटमधून फुलांची उधळण. फुलं अर्थात माझी. झेंडूचा एक तुकडा मी त्यासाठी तोडायचा ठेवला. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती घरात नवी बाजरी निवडत होती, चुलीला नवं पोतेरं देत होती आणि गॅस असताना चूल कशाला म्हणून विचारणाऱ्या सुनेला म्हणत होती, "तिला धुराचा वास लागतो."

फ्लेक्स लागला. पोरांनी त्याच्यापुढं सेल्फी काढले. कुरकुंभला कामाला असलेल्या कुणाचा तरी भाऊ नॉर्वेत इंजिनिअर निघाला. फोटो त्याच्याकडं गेला, त्यानं गंमत म्हणून तिकडच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथल्या पेपरवाल्यांना दिवाळीचा फराळच मिळाला.

नेमका तो आठवडा वाईट होता. तिच्या पक्षाच्या अध्यक्षीणबाई, ज्यांनी हिला हात धरून वर आणलं, त्यांचीच खुर्ची डगमगत होती. त्यांच्या जागी कोण, याची कुजबुज चालू होती. आणि अशात हिंदुस्थानातून मागं किरणं सोडलेला फोटो, भावी पंतप्रधान. मोठं असून मोठं न दिसणं ही तिथल्या पुढारीपणाची पहिली अट. ती मोडली गेली, आणि ती मोडली माझ्यासारख्या शिट्टीवाल्यानं.

तिचा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. आधी ती हसलीच. "दादा, झेंडा डेन्मार्कचा आहे."

"म्हंजी?"

"शेजारचा देश. म्हणजे तू मला डेन्मार्कच्या झेंड्याखाली नॉर्वेची पंतप्रधान केलंयस."

मीही हसलो. म्हणालो, "दोन्ही चालव की. तुला काय जड?"

मग ती हसायची थांबली. पाण्याच्या मोटारीचा आवाज होता, म्हणून मी फोन कानाला घट्ट लावला. ती म्हणाली, "मी काल टीव्हीवर जाऊन सांगितलं, की आमच्याकडं सगळेच भावी असतात. ही आमच्या भागातली माया करायची रीत आहे. लोक हसले. आमच्या अध्यक्ष मॅडमही हसल्या. पण दादा, आता मला येता येणार नाही."

"का? फ्लेक्स काढतो मी. आत्ता काढतो."

"टीव्हीवाले माझ्याबरोबर यायचं म्हणतायत. घरी, ओट्यावर, आईसमोर कॅमेरा लावतील. आणि नाही आले तरी सगळे म्हणतील, ही राज्याभिषेकाला गेली. मॅडमची खुर्ची हलत असताना मला हे करायचं नाही. तू समजून घे."

मी समजून घेतलं. राजकारण आहे, असं असतं, वगैरे सगळं म्हणालो. फोन ठेवल्यावर पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं राहून गेलं आणि झेंडूचा तो तुकडा पार तुंबला.

आईला कसं सांगायचं? मी तिला म्हणालो, तिकडं बर्फ फार पडलाय, विमानं बंद आहेत. आई म्हणाली, "पाटसला बाजाराला गेलते मी परवा. मला वाचता येतं, न्हाई का? तूच शिकवलंस." आणि निवडलेली बाजरी कणगीत ओतून आली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भाऊबीजेच्या दिवशी तिनं फोन भिंतीला टेकवून उभा केला, आणि बहिणीनं तिकडून पडद्यावर मला ओवाळलं. निरांजन खरं होतं, पण ऊब काही इकडं आली नाही.

फ्लेक्स मी स्वतः चढून काढला. आमच्याकडं फ्लेक्स फेकत नाहीत. त्याचं आयुष्य खाली उतरल्यावर सुरू होतं. 'भावी पंतप्रधान'चा तुकडा वैरणीच्या गंजीवर गेला. तिचा चेहरा आणि गालाशी चिकटलेला मी, एवढा भाग आईनं मागून घेतला. कशाला, ते मी विचारलं नाही. जेसीबीसाठी ठेवलेली फुलं बाजार उतरल्यावर शेळ्यांनी खाल्ली.

मग फेब्रुवारीत, ध्यानीमनी नसताना, तिचा फोन. संसदेच्या शिष्टमंडळाबरोबर ती मुंबईला आली होती. एक दिवस मोकळा काढला होता. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी दौंड, आणि संध्याकाळी पुण्याहून दिल्लीचं विमान. "दादा, या वेळी खरंच कुणाला सांगू नकोस."

या वेळी मी शहाणा झालेलो होतो. आप्पांना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही. आणि आईलाही सांगितलं नाही, कारण आईला सांगितलं की ती चूल पेटवणार, चूल पेटली की शेजारीण विचारणार. म्हटलं, एकदम दारात उभी करू. आदल्या दिवसापासून ओठ शिवून हिंडत होतो. सकाळी आईला म्हणालो, ट्रॅक्टरचा पार्ट आणायला दौंडला चाललोय, आणि तू आज कुठं जाऊ नकोस.

"का?"

मी म्हणालो, "आमुशा हाय."

"आमुशा परवाच झाली," आई म्हणाली.

दौंडच्या फलाटावर ती उतरली. पाठीला एक सॅक, पायात बूट, केस अर्धे पांढरे. सिग्नलवाले, बाकड्यावर झोपलेले, वडे तळणारे, कुणीही तिच्याकडं वळून पाहिलं नाही. एका देशाचे कायदे करणारी बाई दोन नंबरच्या फलाटावर उभी होती आणि मला तिला मिठी मारावी की पाया पडू द्यावं ते कळेना. शेवटी मी तिची सॅक ओढून घेतली. ती म्हणाली, "पार्किंगला कुठली गाडी आहे?" मी म्हणालो, "तीच." ती मोटारसायकल आता माझ्यासारखीच खोकते.

घरी आलो. बायको बाहेर भांडी घासत होती. नणंदेला बघून हातातलं पातेलं गडगडत गोठ्यापर्यंत गेलं. मी ऐटीत ओरडलो, "आई, ए आई, बघ कोण आलंय!"

बायको म्हणाली, "आत्याबाई मघाशीच शिरूरच्या गाडीनं गेल्या की. मामांच्या मोतीबिंदूचं आपरेशन झालंय, डोळा बघायला."

"आगं पण मी सांगितलं व्हतं, कुठं जाऊ नकोस म्हणून!"

"त्या म्हणाल्या, तो काय बी सांगतो."

आईचा फोन घरातच चार्जिंगला लावलेला. बहीण ओट्यावर बसली. पाय खाली सोडून, अगदी तिच्या जुन्या जागेवर, खांबाला पाठ टेकून. घरात नवी बाजरी होती, चूल होती, ओटा होता. तिनं हात ओट्यावरून सावकाश फिरवला आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"शिरूर. आईला परत यायला दुपार होईल. मी तिकडूनच विमानतळाला जाईन."

पुन्हा तोच रस्ता. चौफुल्याला वळताना मला मागचं वजन ओळखीचं वाटलं. कारखान्यांचा सीझन चालू, रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या डुलत चाललेल्या. एका ट्रॉलीच्या मागं आम्ही अडकलो, तेव्हा मागून आवाज आला, "दादा, जवळ घे."

"नको."

"घे म्हणते ना!"

"आगं, तुझ्या देशात कळलं तर?"

"तू फ्लेक्स लावला नाहीस तर कळणार नाही."

मी गाडी ट्रॉलीला लगटून नेली. नॉर्वेच्या संसदेच्या सन्माननीय सदस्येनं चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसला. पहिल्या झटक्यात आला नाही, दुसऱ्यात आला, आणि आम्ही दोघं खड्ड्यात जाता जाता वाचलो. ट्रॅक्टरवाल्यानं मागं बघून आमच्या आईवरून काहीतरी उद्धार केला. बहीण इतकी हसली, की मला वाटलं ही आता मागं सूत्रं म्हणायला लागेल.

भीमेच्या पुलावर थांबून आम्ही ऊस सोलला, दातानं. तिचे दात आता नाजूक झालेत, माझे दोन नाहीत. मी विचारलं, "मंत्री होणार का गं?"

ती म्हणाली, "विचारलंय."

"मग?"

"मग काय. मंत्री झाले तर अजून दोन-चार वर्षं येणं अवघड." चोयट्या तिनं पाण्यात टाकल्या आणि त्या वाहत जाईपर्यंत बघत राहिली. "आणि नाही म्हटलं, तर इथं येऊन तरी किती दिवस बसणार आहे मी, दादा?"

मला उत्तर देता आलं असतं. 'चार दिवस बसलीस तरी पुष्कळ' एवढंच म्हणायचं होतं. पण मी विनोदी माणूस. मी म्हणालो, "मंत्री हो. फ्लेक्स फुकट जायला नको." ती हसली. मी गाडीला किक मारली. ती दोनदा लागली नाही.

शिरूरला मामाच्या दारात आई कॉटवर बसून मामाच्या डोळ्यात थेंब घालत होती. तिनं वर पाहिलं. थेंब मामाच्या गालावर पडला. मामा एका डोळ्यानं बघत म्हणाले, "आलीस व्हय? कवा जाणार?" आमच्याकडं पाहुण्याला आधी हेच विचारतात. बहीण म्हणाली, "आत्ता तासाभरानं."

आई उठली ती सरळ माझ्याकडं आली. "सांगता येत न्हाई व्हय रं तुला? साऱ्या गावाला फ्लेक्सावर सांगतूस, आन् आईला न्हाई?" तिनं माझ्या दंडावर एक मारली, चांगली जोरात. मग लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातांना डोळ्याच्या औषधाचा वास होता.

स्वयंपाकघरात गेली तर मामीकडं बाजरी नव्हती. पिशवीतला आटा. आईनं चपात्या केल्या, गॅसवर, एकेक करून, तव्यावरून थेट लेकीच्या ताटात. लेक भिंतीशी बसून खात होती आणि आई प्रत्येक चपातीबरोबर म्हणत होती, "घरी बाजरी हाय. कणगी भरून हाय. घरी असतीस तर..." बहीण म्हणाली, "हेच छान आहे आई." पण ज्याच्यासाठी ती आली होती, त्यातला ओटा तिला मिळाला तेव्हा आई नव्हती, आणि आई मिळाली तेव्हा ओटा नव्हता. माझ्या गुप्ततेचा हा हिशेब. बोभाटा केला तेव्हा ती आली नाही, आणि गप्प राहिलो तेव्हा आली ती अर्धीच.

मामाच्या पोरानं गाडी आणली. दारात आईनं विचारलं, "दिवाळीला?"

एवढ्या मोठ्या संसदेत बोलणारी माझी बहीण दारातून मागं वळली. तिनं आईच्या कपाळाला कपाळ लावलं. गाडी पुणे रस्त्याला लागली. आई तिथंच उभी होती. "एका झोपंचं तर अंतर हाय," ती म्हणाली. पण या वेळी माझ्याकडं बघून म्हणाली, आणि मला वाटलं, माझी ती थाप हिला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

पुढं ती मंत्री झाली. शपथ घेताना तिनं आईनं दिलेली चंद्रकोर कपाळाला लावली होती. गावात फ्लेक्स लागला, आप्पांनी लावला, झेंडा या वेळी बरोबर. मी त्याखाली उभा राहून फोटो काढला नाही.

एप्रिलात एकदा शेतातून आलो तर आईनं ओट्यावर जुन्या फ्लेक्सचा तुकडा पसरला होता आणि त्यावर कुरडया घालत होती. लोक अशा वेळी फ्लेक्स उलटा टाकतात, पांढरी बाजू वर. आईनं तो सरळ टाकला होता. खांबाशी बहिणीचा चेहरा आला होता, आणि तेवढी जागा सोडून कुरडयांची रांग सगळीकडं फिरली होती.

मी विचारलं, "एवढी जागा का मोकळी सोडलीस?"

"बसू दी की तिला," आई म्हणाली, सोऱ्या दाबत. "वट्यावर बसायचं व्हतं ना तिला."

मी वाकून बघितलं. माझ्या गॉगलवर मात्र तिनं दोन कुरडया घातल्या होत्या.